वर्तुळाकार गतीची गणिते सोडवताना या चुका टाळा

वर्तुळाकार गतीच्या गणिताचे उत्तर चुकले, की विद्यार्थी आधी आकडेमोड तपासतो. मूळ चूक मात्र बहुधा त्याआधीच, बलांची आकृती काढताना झालेली असते. दोरीला बांधून फिरवलेल्या दगडावर तो गुरुत्वीय बल दाखवतो, दोरीतील ताण दाखवतो आणि मग केंद्राकडे जाणारा तिसरा बाण काढून त्याला ‘अभिकेंद्री बल’ असे नाव देतो. हा तिसरा बाण आकृतीत नकोच. अभिकेंद्री बल हा बलाचा वेगळा प्रकार नाही. केंद्राच्या दिशेने जे निव्वळ बल उरते, त्याला दिलेले ते नाव आहे. गोफणीत ते दोरीच्या ताणातून मिळते, सपाट रस्त्यावर वळणाऱ्या गाडीला टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून, तर चंद्राला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून. म्हणून प्रत्येक बाणाजवळ थांबून ‘हे बल कोणती वस्तू लावते?’ असे विचारावे आणि ज्याचे उत्तर देता येत नाही तो बाण खोडून टाकावा. जमिनीवर उभे राहून गणित सोडवत असाल, तर ‘अपकेंद्री बल’ही याच कसोटीवर बाद होते: बस वळते तेव्हा आपले शरीर सरळ रेषेत जाऊ पाहते, त्याला बाहेर ढकलणारे कोणी नसते.

या गोंधळाची किंमत आकाशपाळण्याच्या गणितात स्पष्ट दिसते. पाळण्याची त्रिज्या ८ मीटर आहे, तो एकसमान चालीने १६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो आणि त्यात ५० किलोग्रॅम वस्तुमानाची व्यक्ती बसली आहे, असे समजू. कोनीय वेगाचा (एका सेकंदात रेडियनमध्ये किती कोन फिरला त्याचा) वर्ग गुणिले त्रिज्या केल्यास त्वरण सुमारे १.२३ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे निव्वळ बल सुमारे ६२ न्यूटन असले पाहिजे. व्यक्तीचे वजन ४९० न्यूटन आहे. सर्वांत वरच्या बिंदूवर केंद्र खाली असल्यामुळे निव्वळ बलही खालच्या दिशेनेच हवे, म्हणून आसनाची प्रतिक्रिया ४९० उणे ६२, म्हणजे ४२८ न्यूटन भरते. सर्वांत खालच्या बिंदूवर ती ५५२ न्यूटन होते. जे विद्यार्थी दोन्ही ठिकाणी बेरीजच करतात, त्यांनी केंद्र कोणत्या बाजूला आहे हे पाहिलेलेच नसते.

चाल कायम आहे म्हणून त्वरण शून्य, हा समजही फार चिवट आहे. वेगाला दिशा असते आणि ती क्षणोक्षणी बदलते, म्हणून त्वरण असतेच. त्याची स्वतःची दिशाही बदलत राहते, त्यामुळे स्थिर त्वरणासाठी पाठ केलेली गतीची समीकरणे येथे सरळ वापरता येत नाहीत. चालही बदलत असेल, तर स्पर्शिकेच्या दिशेचे त्वरण वेगळे काढावे आणि दोन्हींची सदिश बेरीज करावी.

त्रिज्या दुप्पट केल्यास त्वरण निम्मे होते की दुप्पट? ‘चालीचा वर्ग भागिले त्रिज्या’ पाहिले तर निम्मे, ‘कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या’ पाहिले तर दुप्पट. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. पहिले उत्तर चाल स्थिर असताना खरे ठरते, दुसरे कोनीय वेग स्थिर असताना. प्रश्नात नेमके काय स्थिर ठेवले आहे ते वाचल्याशिवाय सूत्र निवडू नये.

एककांविषयी थोडक्यात: ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर, मिनिटाला ३० फेरे म्हणजे सेकंदाला ३.१४ रेडियन, आणि प्रश्नात व्यास दिला असेल तर तो आधी निम्मा करावा.

उतार दिलेल्या, म्हणजे बाहेरची कड उंच ठेवलेल्या वळणाच्या गणितात आणखी एक जुनी सवय आड येते. उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्यासाठी अभिलंब बल (पृष्ठभागाने लंब दिशेत लावलेले बल) वजन गुणिले उताराच्या कोनाचे कोसाइन असते, म्हणून येथेही तेच लिहिले जाते. ठोकळ्याचे त्वरण उताराला समांतर असते. गाडीचे त्वरण मात्र क्षितिजसमांतर, वळणाच्या केंद्राकडे असते. म्हणून अक्ष क्षितिजसमांतर आणि उभे घ्यावेत. घर्षण नसेल तर अभिलंब बलाचा उभा घटक संपूर्ण वजन तोलतो, म्हणजे अभिलंब बल वजन भागिले कोसाइन येते. उतार २० अंशांचा असेल तर ते वजनाच्या ०.९४ पट नसून सुमारे १.०६ पट असते.