परदेशात दारावर मॉर्मन पोरं आली तर काय करायचं, खान्देशातून निघणाऱ्या पोरापोरींसाठी

जुलै लागला की आपल्याकडे बॅगा भरणं सुरू होतं, जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर, कुठल्याही गल्लीत एखादा तरी एमएसला निघालेला असतो, आणि कळण्याचं पीठ किती, काळा मसाला किती, शेव कुठली यावर घरात आठवडाभर मीटिंगा होतात. पण तिकडे गेल्यावर रूमची बेल वाजते, बाहेर पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नेमप्लेट लावलेली दोन पोरं हसत उभी असतात, तेव्हा काय बोलायचं हे कोणीच सांगत नाही. मी तिकडे राहून आलोय, अशा पोरांशी भरपूर गप्पा झाल्यात, म्हणून लिहून राहिलो.

आधी ही कोण ते समजून घ्या, दारोदार फिरून आपल्या धर्माचा प्रचार करणारे एका ख्रिस्ती चर्चचे मिशनरी. चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, १८३० मध्ये जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात सुरू केलेलं, हेडक्वार्टर युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत. मॉर्मन हे लोकांनी पाडलेलं नाव, २०१८ पासून चर्चच म्हणतं की पूर्ण नाव घ्या, पण मॉर्मन म्हटलं म्हणून कोणी भांडत नाही. नेमप्लेटवर एल्डर आणि आडनाव असतं, मुली असतील तर सिस्टर. एल्डर म्हणजे कोणी तात्या-आबा नाहीत, साधारण आपल्या एफवाय-एसवायच्या वयाची पोरं असतात. हे प्रचाराचं काम पोरं दोन वर्षं करतात, मुली दीड वर्ष. आणि याचा पगार नाही भो, उलटे पैसे भरावे लागतात, अमेरिकेतल्या घरांना महिन्याला ५०० डॉलर, स्वतःच्या बचतीतले नाहीतर आईबापाचे. म्हणून यांना पैसे द्यायच्या भानगडीत पडू नका, दारावर ते मागतही नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नाही म्हणायचं असेल तर पहिल्याच दिवशी सरळ नाही म्हणा. आपली सवय काय, कोणी दाराशी आलं की तोंडावर नाही म्हणवत नाही, आपण म्हणतो "हो हो, या ना कधीतरी, बघू पुढच्या आठवड्यात". जळगावात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. ती पोरं मात्र लगेच फोन काढून विचारतात, मंगळवार की गुरुवार, आणि गुरुवारी बरोब्बर टायमावर हजर, मग तुम्ही लाइट बंद करून आत बसून राहता, ते बिचारे बर्फात उभे. हे काही बरं नाही. त्यांना दिवसभर लोक दारातूनच परत लावतात, तुमच्या स्पष्ट नकाराचं त्यांना काही वाटत नाही, खोट्या होकाराने मात्र त्यांची संध्याकाळ जाते. "थँक्यू, मला इंटरेस्ट नाही, प्लीज परत येऊ नका" एवढं पुरतं. जोडीतलं पोरगं बदललं तरी नोंद त्यांच्या ॲपमध्ये राहते, आणि बदली सारखी चालू असते, दर सहा आठवड्यांनी कोणाला तरी दुसऱ्या गावात पाठवतात, म्हणून ओळख झालेला एल्डर एकदम गायब झाला तर रागावला असेल वगैरे समजू नका.

गप्पा मारायच्या असतील तर त्यांचा दिवस माहीत पाहिजे. सकाळी साडेसहाला उठणं, व्यायाम, मग वाचन, परक्या भाषेत काम असेल तर त्या भाषेचा अभ्यास, मग बाहेर, रात्री नऊ-साडेनऊला घरात, साडेदहाला झोप. दोघांनी कायम सोबत राहायचं, जोडीदार निवडायची सोय नाही, पटो ना पटो. डेटिंग नाही, टीव्ही नाही. घरी व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदा, तोही २०१९ पासून, त्याच्या आधी वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. सोमवार बहुतेक ठिकाणी सुट्टीचा, कपडे धुणं, किराणा, बास्केटबॉल, पण संध्याकाळी सहापर्यंतच. क्रिकेट शिकवायचं असेल तर सोमवारी दुपारी बोलवा, खूश होतात. रूमवर मुलगी एकटी असेल तर एल्डर आत येत नाहीत, दारातच बोलतात, तो त्यांचा नियम आहे, अपमान वाटून घेऊ नका.

जेवायला बोलवलंत तर चहा ठेवू नका!! आपलं स्वागतच चहाने होतं, पण यांना चहा-कॉफी चालत नाही, दारू-तंबाखू तर नाहीच. ताक द्या, लिंबू सरबत द्या, मसाला दूध द्या. जेवण आपल्यासारखं रात्री नऊला नको, सहा-साडेसहाला वाढा. भरीत-भाकरी बिनधास्त करा, बामणोदची वांगी तिकडे कुठली मिळणार, पण मोठं जांभळं वांगं ओव्हनच्या ग्रिलवर काळं होईस्तोवर भाजलं की काम भागतं, मिरची मात्र निम्मी. शेवभाजी पहिल्याच दिवशी नको, त्यांना ताटात उरवायला आवडत नाही आणि घामाघूम होऊन पण संपवतात, आपल्यालाच पाहवत नाही. महिन्याचा पहिला रविवार टाळा, त्या दिवशी दोन वेळच्या जेवणाचा उपवास असतो, एकादशीसारखी साबुदाणा-भगरची सोय नाही, पाणीसुद्धा नाही.

ते शिकवतात कसं, तर वर्ग घेतल्यासारखं नाही. अर्धा-पाऊण तास बसतात, प्रार्थनेने सुरू, प्रार्थनेने शेवट, मधे प्रश्न विचारतात, देव आहे असं वाटतं का, मेल्यावर काय होतं. मग बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथातला एखादा भाग वाचायला देतात आणि पुढच्या भेटीत विचारतात वाचलं का. बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्यात बुडवून चर्चमध्ये घेण्याच्या विधीचा, विषयही लवकर काढतात, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतसुद्धा. दचकू नका, त्यांचं कामच ते आहे, लपवत पण नाहीत. वाचायचं नसेल तर पुस्तक ठेवून घेऊ नका. चार बायकांचा प्रश्न विचारून खिदळणं तर नकोच, एकापेक्षा जास्त बायका करायची ती प्रथा चर्चने १८९० मध्येच बंद केली आणि त्या पोरांनी ते टोमणे हजारदा ऐकलेले असतात.

तुम्हाला पण विचारतील की तुमच्यात काय मानतात. इथे आपली पोरं अडखळतात, इंटरनेटवरचं अवघड तत्त्वज्ञान सांगायला जातात. त्यापेक्षा कानबाई सांगा. श्रावणातल्या रविवारी नारळाची कानबाई बसवतात, दागिने-साडी घालतात, रात्रभर गाणी, रोटांचा नैवेद्य, सोमवारी वाजतगाजत विसर्जन, आणि त्यासाठी सुरत-पुण्याहून अख्खं भाऊबंद गावात येतं. हे ते मन लावून ऐकतात आणि प्रश्न पण चांगले विचारतात. इंग्रजी बोलायची भीती जायला याच्यासारखा सराव नाही, बऱ्याच गावांत त्यांचे फुकट इंग्रजीचे क्लास पण असतात, धर्म बदलायची अट नसते, छोटी प्रार्थना होते एवढंच.

घरी मात्र तुम्हीच आधी सांगा. फोटो कुठून तरी फॅमिली ग्रुपवर पडला, की पारोळ्याच्या मामाचा फोन, "पोरगं ख्रिश्चन होऊ राहिलं का काय", आणि मायचा बीपी वाढलेला. दोन ओळखीचे आहेत, जेवायला येतात, चहासुद्धा पीत नाहीत, असं सांगितलं की निम्मी काळजी तिथेच संपते.

रविवारी चर्चला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, दोन तासांचं असतं, साधा इस्त्रीचा शर्ट-पँट चालतो. मागे बसा. मधे ब्रेडचे तुकडे आणि पाण्याचे छोटे कप ट्रेमधून फिरतात, घ्यायचं नसेल तर ट्रे शेजारच्याकडे सरकवून द्यायचा, कोणी काही विचारत नाही.