राजारामचे फूट, आपली पायरी

पावसाळा तोंडावर आला की पंचगंगाकाठच्या घरांनी सगळ्यात आधी आपला आकडा काढावा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. पण ते बंधाऱ्याचे फूट झाले. आपल्या गल्लीत पाणी किती फुटांना शिरतं, पायरीला किती फुटांना लागतं आणि त्याआधी गावाबाहेर पडायचा रस्ता किती फुटांना बंद होतो, हे जाणत्यांना विचारून भिंतीवर रंगाने लिहा. यातला रस्त्याचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण घर कोरडं असतानाच रस्ता जातो.

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ आहे. २०१९ ला तिच्याकडे बोट दाखवून "एवढ्याच्या वर कुठलं येतंय" म्हणत आम्ही थांबलो. बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि रेघ दिसेनाशी झाली. दोनच वर्षांनी, २०२१ ला, ५६ च्याही वर. म्हणून जुन्या रेघेवर विसंबू नका. पूररेषेच्या नकाशात आपला गट, म्हणजे आपली जमीन, निळ्या रेषेच्या आत आहे की लाल, ते बघून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ एकदा पूर आला की २५ वर्षं सुट्टी, असा नाही; निळ्या रेषेपर्यंत पाणी यायची शक्यता दरवर्षी शंभरात चार असतेच.

केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया ॲप घरातल्या दोघांच्या तरी फोनवर असू द्या. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कधी उघडले ते विचारत राहा. शिरोळकडच्यांनी कोयना धरणातून कृष्णेत किती पाणी सोडतात, तेही बघायचं. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी तुंबतं; मग इकडे ऊन पडलं तरी पाणी उतरत नाही.

जनावरं सगळ्यात आधी हलवायची, रस्ता कोरडा असताना आणि उजेडी. माणसं मागे राहतात ती बहुतेक म्हशीच्या पायात. त्यामुळे कुठल्या पाहुण्यांकडे किती जनावरं जाणार आणि वैरण कुठून येणार, हे मे महिन्यातच बोलून ठेवा. नदीवरची मोटर वेळेत वर ओढा. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि जनावरांच्या विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एकाच जागी ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील एवढ्या घ्या. निघताना मेन स्विच पाडा, सिलिंडर बंद करून बांधून ठेवा. बोट आलीच, तर गर्दीत चढू नका, पुढच्या फेरीला थांबा. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला २०१९ च्या पुरात बोट उलटून माणसं गेली.

रंगाचा डबा आणि ब्रश मात्र माळ्यावर राहू द्या. परतल्यावर भिंत धुण्याआधी चिखलाची वरची कड बघून नवी रेघ ओढा. शेजारी तारीख आणि त्या दिवशीचे राजारामचे फूट लिहा.