होमर वाचताना या चुका टाळा

प्राचीन ग्रीक कवी होमर याच्या ‘इलियड’ या महाकाव्याचा चोविसावा, म्हणजे शेवटचा सर्ग ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीने संपतो. त्याच्या अस्थी सोन्याच्या पेटीत ठेवल्या जातात, त्यावर दगड रचले जातात, राजवाड्यात मेजवानी होते आणि काव्य थांबते. पहिल्यांदा वाचणारा पुष्कळदा येथे गोंधळतो, कारण ग्रीकांनी ट्रॉय जिंकले ते ज्याच्या पोटात लपून, त्या लाकडी घोड्याची वाट पाहत त्याने पंधरा हजारांहून अधिक ओळी पार केल्या, तो घोडा आलेलाच नसतो. आपल्या हातातली प्रत अपुरी आहे की काय, अशीही शंका काहींना येते. प्रत पूर्णच असते. होमर वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका अशाच प्रकारच्या आहेत: गोष्ट आपल्याला आधीपासून ठाऊक आहे अशा समजुतीने आपण पुस्तक उघडतो आणि मग पानावर जे लिहिले आहे ते दिसेनासे होते.

घोडा, टाच आणि सफरचंद ‘इलियड’मध्ये शोधणे

ट्रॉयचे युद्ध दहा वर्षे चालले अशी परंपरा आहे. ‘इलियड’मध्ये त्यातल्या दहाव्या वर्षातले जेमतेम पन्नास-पंचावन्न दिवस येतात. युद्धाची सुरुवात आणि शेवट सांगणारी वेगळी महाकाव्ये प्राचीन काळी होती. ती आज उपलब्ध नाहीत, त्यांचे सारांश आणि तुटक ओळी तेवढ्या उरल्या आहेत. घोड्याचा उल्लेख होमरच्याच ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्यात तीन ठिकाणी, म्हणजे चौथ्या, आठव्या आणि अकराव्या सर्गात येतो, आणि आपल्या डोळ्यांसमोर उभे राहणारे सविस्तर चित्र तर इ.स.पू. पहिल्या शतकातल्या व्हर्जिल या रोमन कवीच्या ‘ईनिड’मधले, लॅटिन भाषेतले आहे.

ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस याच्या टाचेचे, म्हणजे त्याच्या शरीरातल्या एकमेव दुबळ्या जागेचे, तसेच. त्याच्या आईने त्याला अभेद्य करण्यासाठी पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याची कथा होमरनंतर कित्येक शतकांनी, इ.स.च्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या लॅटिन कवीच्या काव्यात स्पष्टपणे भेटते. ‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गात तर ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या अ‍ॅस्टेरोपायोसचा भाला अकिलीसच्या हाताला चाटून जातो आणि रक्त येते. त्याचे शरीर अभेद्य असते, तर अठराव्या सर्गात देवांचा लोहार हेफायस्टॉस याला रात्रभर भात्याजवळ बसवून त्याच्यासाठी नवे चिलखत आणि ढाल घडवून घेण्याचे कारणच उरले नसते. ज्या सफरचंदावरून तीन देवींचे भांडण लागले, ते सफरचंदही होमरमध्ये नाही. त्या भांडणात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने दिलेल्या निवाड्याचा ओझरता उल्लेख चोविसाव्या सर्गात येतो, तेवढाच. पात्रांच्या वयांविषयीही हाच घोळ होतो. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस हा त्याचा कोवळा चेला होता अशी अनेकांची समजूत असते, पण अकराव्या सर्गात तो अकिलीसपेक्षा वयाने मोठा असल्याचे स्पष्ट सांगितले आहे आणि म्हणूनच त्याने अकिलीसला चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात अशी पॅट्रोक्लसच्या वडिलांची अपेक्षा होती.

यावर उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. प्रत्येक प्रसंगापुढे तो कोणत्या कवीने आणि कोणत्या शतकात सांगितला आहे हे वहीत टिपून ठेवावे. संदर्भ देताना पृष्ठक्रमांक न देता सर्ग आणि ओळ द्यावी, कारण भाषांतर बदलले की पाने बदलतात, पण मूळ ओळींचे क्रमांक बदलत नाहीत. ही सवय लागली की इतर ग्रीक कथांतही फायदा होतो. उदाहरणार्थ, जिच्यातून जगातली सारी दुःखे बाहेर पडली ती पँडोराची पेटी मुळात पेटी नव्हतीच. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीने ‘पिथॉस’ असा शब्द वापरला आहे, म्हणजे धान्य किंवा तेल साठवण्याचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिनमध्ये लिहिताना त्याची डबी केली आणि तीच पुढे रूढ झाली.

नावांची सरमिसळ

इंटरनेटवर फुकट मिळणारी इंग्रजी भाषांतरे बहुधा जुनी असतात, आणि त्यांपैकी अनेकांत ग्रीक देवांना रोमन नावे दिलेली असतात. त्यामुळे एका पुस्तकात झ्यूस, हेरा, अथीना आणि ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस भेटतात, तर दुसऱ्यात ज्युपिटर, जूनो, मिनर्व्हा आणि युलिसिस. ही वेगळी माणसे आहेत असे समजून वंशवृक्ष काढत बसणारे वाचक आहेत. शक्यतो ग्रीक नावे ठेवणारे भाषांतर निवडावे. ग्रीकांसाठी होमर ‘अखाइयन’, ‘आर्गाइव्ह’ आणि ‘डॅनाअन’ असे तीन शब्द वापरतो. ते तीन वेगवेगळे पक्ष नसून एकाच सैन्याची नावे आहेत, आणि त्यांतला कोणता शब्द कुठे यावा हे बहुतेक वेळा वृत्त ठरवते.

येथे मराठी वाचकाला एक अनपेक्षित सोय आहे. प्राचीन ग्रीकमधली तीन अक्षरे, जी इंग्रजीत दोन-दोन अक्षरे जोडून लिहावी लागतात, ती त्या काळी महाप्राण होती, म्हणजे आपल्या ख, थ आणि फ यांच्यासारखी. त्यामुळे ‘इलियड’ची पहिली ओळ देवनागरीत जवळजवळ जशीच्या तशी उतरते: ‘मेनिन् आएइदे थेआ पेलेइआदेओ आखिलेओस’. ‘हे देवी, पेलेउसच्या पुत्राचा, अकिलीसचा क्रोध गा’, असा तिचा अर्थ. ही ओळ मोठ्याने म्हणून पाहावी.

दुसऱ्या सर्गात अडकणे आणि विशेषणांना कंटाळणे

वाचन सोडून देणाऱ्यांपैकी पुष्कळ जण दुसऱ्या सर्गात सोडतात. तेथे गलबतांची यादी आहे: एकोणतीस तुकड्या, त्यांचे सरदार, त्यांची गावे आणि एकूण १,१८६ गलबते. आपापल्या गावाचे नाव ऐकण्यासाठी कान टवकारून बसलेल्या श्रोत्यांना ती रंजक वाटत असणार. आपल्याला वाटेलच असे नाही. पहिल्या वाचनात ही यादी ओलांडून तिसऱ्या सर्गावर जाण्यात काहीही गैर नाही. वेळ फारच थोडा असेल तर पहिला, सहावा, नववा, सोळावा, बाविसावा आणि चोविसावा असे सहा सर्ग आधी वाचावेत. काव्याचा कणा त्यांत सापडतो.

दुसरी तक्रार पुनरुक्तीची असते. अकिलीस आपल्या गलबतांपाशी रुसून बसलेला असतानाही कवी त्याला ‘चपळ पायांचा’ म्हणतो, आणि दिवस उजाडला की उषा ‘गुलाबी बोटांची’ असायचीच. याला कवीचा निष्काळजीपणा समजणे ही चूक आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्यात गूढ अर्थ शोधणे ही दुसरी चूक. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिले की ही विशेषणे सहा गणांच्या ओळीत ठरावीक जागा भरतात. ओळीच्या शेवटी जागा थोडी असेल तर ‘बहुबुद्धी ओडिसियस’ बसतो, अधिक असेल तर ‘बहुक्लेशी दिव्य ओडिसियस’. १९३३ ते १९३५ या काळात पॅरी आणि त्याचा सहायक अल्बर्ट लॉर्ड युगोस्लाव्हियातल्या अशिक्षित गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करत हिंडले. त्यांतल्या अवदो मेजेदोविच याने बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य त्यांना सांगितले. तोंडी रचना करणाऱ्याला असे तयार तुकडे लागतातच. ‘पहिली माझी ओवी’ या शब्दांनी जात्यावर बसणाऱ्या बाईला पुढची ओळ जुळवायला जी उसंत मिळत असे, तीच येथे दिसते.

क्रोधाचे कारण प्रेम समजणे

काव्याचा पहिला शब्द ‘मेनिस’ म्हणजे क्रोध आहे, आणि तो पॅरिसने पळवून नेलेल्या हेलन राणीमुळे आलेला नाही. ग्रीकांचा सेनापती असलेल्या ॲगामेम्नॉनला क्रायसेइस ही आपल्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री तिच्या पित्याला, अपोलोच्या पुजाऱ्याला, परत करावी लागते. मग तो तिच्या बदली अकिलीसच्या वाट्याची ब्रिसेइस हिसकावून घेतो. अशा वाट्याला ग्रीकमध्ये ‘गेरास’ म्हणतात. सर्व सैन्याने मिळून योद्ध्याला दिलेला तो मानाचा भाग असतो, आणि तो काढून घेणे म्हणजे भर सभेत त्याची किंमत शून्य ठरवणे. हे लक्षात घेतले नाही तर नववा सर्ग कोड्यात टाकतो: ॲगामेम्नॉन ब्रिसेइस परत द्यायला तयार आहे, शिवाय सोने, घोडे, सात नगरे आणि आपली मुलगीही देऊ करतो, तरी अकिलीस नकार देतो. अपमान झाकण्यासाठी संपत्तीचा ढीग रचला जात आहे हे त्याला दिसते. ब्रिसेइसवर आपले मनापासून प्रेम होते असे तो याच सर्गात म्हणतो हे खरे, पण एकोणिसाव्या सर्गात, पॅट्रोक्लस मेल्यानंतर, ती आपल्या वाट्याला आली त्याच दिवशी मेली असती तर बरे झाले असते असेही तो म्हणतो. ब्रिसेइस स्वतः संपूर्ण काव्यात एकदाच बोलते, पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी. तिच्या त्या जेमतेम चौदा ओळी कोणीही घाईने वाचू नयेत.

आपल्या महाकाव्यांचा साचा लावणे

मराठी वाचकाकडून सर्वांत अधिक होणारी चूक ही आहे, आणि ती समजण्यासारखीही आहे. पळवून नेलेली राणी, समुद्रापार स्वारी, नगराला वेढा इतके दिसले की हेलन म्हणजे सीता, पॅरिस म्हणजे रावण आणि ट्रॉय म्हणजे लंका अशी समीकरणे मनात तयार होतात. त्यानंतर हेक्टरला खलपक्षात बसवावे लागते आणि येथेच काव्य हातातून निसटते. सहाव्या सर्गात हेक्टर रणातून येऊन आपल्या तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, शिरस्त्राणावरचा हलणारा तुरा पाहून मूल घाबरून रडते, आणि तो हसून शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. शत्रूच्या घरातला हा प्रसंग ग्रीक कवी ग्रीक श्रोत्यांना इतक्या मायेने सांगतो. ‘इलियड’मध्ये धर्माचा पक्ष आणि अधर्माचा पक्ष अशी वाटणी नाही. हेलनही सीतेसारखी ठाम नाही. तिसऱ्या सर्गात ती स्वतःला दोष देते, प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीशी भांडते आणि तरी पॅरिसच्या दालनात जाते.

देवांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. झ्यूस आणि वैदिक ‘द्यौस्’ ही नावे एकाच मुळातून आलेली आहेत, हे भाषाशास्त्राने निश्चित केले आहे. म्हणून दोन्ही देवांच्या कथा एक ठरत नाहीत. हेडीसला, म्हणजे ग्रीकांच्या मृतलोकाला, नरक म्हणू नये, कारण तेथे चांगले-वाईट सगळेच जातात आणि सावल्यांसारखे उरतात. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात मेलेला अकिलीस म्हणतो की सर्व मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन गरिबाकडे मोलमजुरी करणे मी पत्करीन. पुनर्जन्म नाही, कर्मफळाचा हिशोब नाही. एवढे ध्यानात ठेवले तरच हे वाक्य किती भयंकर आहे ते कळते.

या तुलनेला मुंबईचाही एक इतिहास आहे. अल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने १८७०च्या सुमारास असे प्रतिपादन केले की रामायणातले सीताहरण आणि लंकेचा वेढा यांवर होमरची छाया आहे. त्याला मुंबईचे विद्वान काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७३ मध्ये उत्तर दिले, तेव्हा त्यांची पंचविशीही झालेली नव्हती. केवळ कथाबीजांतल्या साम्यावरून एकाने दुसऱ्याकडून उसने घेतले असे ठरवता येत नाही, हा त्या वादातला मुद्दा आजही लागू आहे, आणि तो उलट दिशेनेही लागू आहे: होमरने रामायणावरून घेतले असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवावा. हिंदुस्थानातले लोक होमर आपल्या भाषेत गातात, असे डिओ क्रिसोस्टॉम या ग्रीक वक्त्याने पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास ऐकीव म्हणून नोंदवले आहे. महाभारताची वार्ता कानावर आल्याने तसा समज झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. आपण लंकेत ट्रॉय पाहतो तसाच त्याने कुरुक्षेत्रात ट्रॉय पाहिला असणार.

ट्रॉय सापडले म्हणजे सर्व खरे ठरले असे मानणे

तुर्कस्तानातल्या हिसारलिक टेकडीवर हाइन्रिख श्लीमान या जर्मन संशोधकाने १८७०पासून उत्खनन केले आणि १८७३ मध्ये सापडलेल्या सोन्याला त्याने ट्रॉयच्या राजावरून ‘प्रायमचा खजिना’ असे नाव दिले. पुढे हे सोने ज्या थरातले ठरले, तो थर ट्रॉय युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून सुमारे हजार वर्षे जुना निघाला. त्या टेकडीवर एकावर एक नऊ मुख्य वस्त्या आहेत. इ.स.पू. ११८०च्या सुमारास तिथली एक वस्ती आगीत नष्ट झाली, एवढे पुरातत्त्व सांगते. अकिलीस किंवा हेलन यांच्याविषयी ते काही सांगत नाही. काव्य आजच्या रूपात आले ते त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी, आणि त्यात कांस्ययुगातली शस्त्रे आणि नंतरच्या काळातले प्रेतदहन एकत्र नांदतात.

‘ओडिसी’ प्रवासवर्णनासारखी सरळ वाचणे

‘ओडिसी’ उघडल्यावर चार सर्ग होईपर्यंत ओडिसियस प्रत्यक्ष भेटतच नाही. ते सर्ग त्याच्या मुलाचे, टेलेमाकसचे, आहेत. ते गाळून थेट राक्षसांकडे धावणाऱ्याला इथाका बेटावरचे त्याचे घर कोणत्या अवस्थेत आहे हे कळत नाही आणि मग तेथे ठाण मांडून त्याच्या पत्नीशी लग्न करू पाहणाऱ्यांचा शेवटचा संहार निव्वळ क्रूर वाटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाक्ष पॉलिफेमस, जादूगारीण सर्सी, गाण्याने भुलवणाऱ्या सायरेन यांच्या प्रसिद्ध कथा नवव्या ते बाराव्या सर्गांत आहेत, आणि त्या कवी सांगत नाही, ओडिसियस स्वतः सांगतो. फेएशियन लोकांच्या राजाच्या पंगतीत बसून, घरी पोचवण्यासाठी गलबत मिळवायचे असताना, तो त्या सांगत असतो. असत्य कथन हा त्याचा नावाजलेला गुण आहे. इथाकात पाऊल ठेवताच तो अथीनेलाच एक बनावट कहाणी ऐकवतो आणि ती देवी त्याचे कौतुक करते. म्हणून ‘होमर म्हणतो’ असे लिहिण्यापूर्वी त्या ठिकाणी कोण बोलत आहे हे पाहावे. आणि तेविसाव्या सर्गात, वीस वर्षांनी भेटलेल्या आपल्या पत्नीला, पेनेलोपीला, तो आपला सारा प्रवास थोडक्यात सांगतो, त्या तीसेक ओळी नवव्या ते बाराव्या सर्गांशेजारी ठेवून वाचाव्यात: सर्सीच्या कपटाचा उल्लेख तेथे आहे, तिच्या शय्येवर काढलेल्या वर्षाचा नाही, आणि नॉसिकाआ या राजकन्येचे तर नावही नाही.