ऑनलाइन बेसबॉल गेममध्ये हरून राहिले? आधी बॅट न फिरवायला शिका

तीन स्ट्राइकला आउट, चार बॉलला फुकटात पहिला बेस, एवढं माहीत आहे असं धरून चालतो. प्लेट म्हणजे बॅटरजवळची जमिनीवरची पाटी, तिच्या वरचा गुडघ्यापासून छातीपर्यंतचा चौकोन म्हणजे स्ट्राइक झोन, आणि त्याच्या बाहेरून गेलेला, आपण न फिरवलेला म्हणजे ‘बॉल’. मी एमएलबी द शो (अमेरिकेच्या बेसबॉल लीगचा व्हिडिओ गेम) खेळतो म्हणून नावं त्यातलीच येतील, पण मुद्दा कुठल्याही बेसबॉल गेमला लागू आहे.

सेटिंगचं आधी उरकून टाकू. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. वायफाय सोडा, राउटरपासून लॅन केबल ओढा (आमची केबल हॉलमधून, कूलरच्या मागून जाते, आई रोज बोलते, ऐकून घ्यायचं). बॅटिंगला ‘झोन’ सेटिंग (बॅट कुठे न्यायची ते स्टिकने आपण ठरवतो) आणि कॅमेरा स्ट्राइक झोनवाला. बस.

आता खरं दुखणं. मी पहिले तीन महिने नुसता मार खाल्ला, एक मॅच तर 17-0 हरलो, आणि जो भेटेल तो सांगे की भाऊ तुझे रिफ्लेक्स स्लो आहेत, नाही तर गेममधलं भारी प्लेअरचं कार्ड घे. दोन्ही फालतू सल्ले. रिफ्लेक्स ठीकच होते, मी फिरवत होतो ते बॉलच फिरवण्यासारखे नव्हते. एकदा वैतागून वही घेऊन बसलो आणि पाच मॅच प्रत्येक स्विंग लिहिला, तर निम्म्याच्या वर स्विंग झोनच्या बाहेरच्या बॉलवर निघाले. म्हणजे समोरच्याला मला आउट करायची गरजच नव्हती, मी स्वतःच होऊन राहिलो होतो.

असं काहून होते? कारण आपण सगळे गल्लीत क्रिकेट खेळून मोठे झालो. क्रिकेटमध्ये बॉल टप्पा पडून येतो, आपला डोळा टप्पा शोधतो आणि तिथून शॉट ठरतो. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, 18.44 मीटरवर उभा, आपल्या 22 यार्डांच्या पिचपेक्षाही जवळ, आणि 95 मैलांचा म्हणजे ताशी 153 किलोमीटरचा फास्टबॉल प्लेटवर यायला साधारण 0.4 सेकंद. त्यात टीव्ही आणि नेटने मिळून 0.1 सेकंद खाल्ला तर पाव वेळ गेला. टप्प्याची वाट पाहणारा डोळा इथे हमखास लेट होतो, मग लेट होऊन राहिलो म्हणून माणूस आधीच फिरवायला लागतो, आणि आधीच फिरवायचं ठरवलं की बॉल कुठे चालला ते पाहणं बंद. मी याच चक्रात अडकलो होतो. दुसरी खोड म्हणजे गल्लीत बॉल सोडला की मागून पोट्टे ओरडतात, ‘मार ना बे!’ ते डोक्यातून काढा. इथे सोडलेला बाहेरचा बॉल तुमच्या खात्यात जमा होतो.

तर करायचं असं. प्रॅक्टिस मोडमध्ये जा, चांगला फास्टबॉल आणि स्लायडर असलेला पिचर निवडा, लेव्हल तुम्ही ऑनलाइन खेळता त्याच्या एक वर ठेवा. आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून द्या. खरंच ठेवा. बॉल हातातून सुटला की तो अर्ध्या वाटेत यायच्या आत मोठ्याने बोला, ‘स्ट्राइक’ किंवा ‘बॉल’. घरचे येडा म्हणतील. रोज 15 मिनिटं, आठवडाभर, एकही स्विंग नाही. मला हे तीन दिवसांत कंटाळवाणं झालं, मी सोडलं, परत हरलो, परत सुरू केलं, म्हणून सांगून राहिलो की मधे सोडू नका.

डोळा पिचरच्या हातावर, स्क्रीनच्या मधोमध नाही. कर्व्हबॉल हातातून सुटताना जरासा वर उचलल्यासारखा दिसतो, तो सगळ्यात आधी ओळखू येईल. चेंजअप हरामी, अगदी फास्टबॉलसारखा सुटतो आणि ताशी 15 किलोमीटरच्या आसपास हळू येतो. स्लायडर अर्ध्या वाटेपर्यंत फास्टबॉल वाटतो, मग वळतो. उजव्या हाताचा पिचर आणि तुमचा बॅटरही उजवा असेल तर तो बाहेर पळतो, आणि ऑनलाइन निम्मे लोक हाच एक बॉल खाली-बाहेर टाकून जगतात. बाहेरच्या कडेला सुरू झालेला बॉल अशा पिचरच्या हातून आला तर सोडा. कधीमधी तो फास्टबॉल निघेल आणि स्ट्राइक मिळेल, मिळू द्या, एका स्ट्राइकने कोणी मरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात स्विंग करा, पण फक्त फास्टबॉलवर आणि फक्त झोनच्या बॅटरकडच्या अर्ध्या भागात. टायमिंग फास्टबॉलचंच धरा, हळू बॉलसाठी थांबता येते, हळूची वाट पाहत फास्टबॉल गाठता येत नाही. स्विंगनंतर गेम अर्ली की लेट ते दाखवतो, ते न वाचता पुढचा बॉल घेणाऱ्याला मी भैताड म्हणतो. सतत लेट येत असेल तर पॉवर स्विंग बंद करा, साधा स्विंग (प्लेस्टेशनवर एक्स बटण) ठेवा.

मॅचमध्ये माझा नियम पक्का आहे: पहिल्या इनिंगमध्ये पहिला स्ट्राइक मिळेपर्यंत फिरवायचंच नाही. दोन बॉल शून्य स्ट्राइक किंवा तीन-एक झालं की एकाच जागेवर डोळा ठेवायचा, तिथे आला तर जोरात, नाही तर सोडायचा. दोन स्ट्राइक झाल्यावर मात्र हे लाड बंद, कडेचा बॉलही कसाबसा अडवायचा.

वेळेचं एक. उन्हाळ्यात आपले सकाळचे 7 म्हणजे न्यूयॉर्कला रात्रीचे साडेनऊ, तेव्हा मॅच पटकन लागते आणि समोर तगडे खेळाडू येतात. तर्री पोहे मॅचनंतर खा, तेलकट बोटांनी स्टिक घसरते.

फिल्डिंग आपोआप जमते. बेस चोरायच्या (पिचर बॉल टाकतानाच पळून पुढचा बेस गाठायच्या) भानगडीत सुरुवातीला पडू नका.

पिचिंगला पिनपॉइंट (स्टिकने आकृती काढून बॉल टाकायची पद्धत) शिका, दोन-चार दिवस चिडचिड होईल. बाकी तेच औषध उलटं द्यायचं: समोरचा पहिल्याच बॉलवर फिरवतो का ते दोन बॅटरमध्ये कळते. फिरवत असेल तर त्याला स्ट्राइक टाकायचीच कशाला, खाली-बाहेर तीन स्लायडर आणि बसव घरी. माझ्यासोबत लोकांनी तीन महिने हेच केलं.