सरकारी निधीतून झालेल्या आरोग्य संशोधनाचे निष्कर्ष कसे मिळवावेत

पुण्यात आरोग्य संशोधनाला मोठी परंपरा आहे. राष्ट्रीय विषाणू संस्थेचे काम येथे १९५२ पासून चालू आहे, भोसरीत एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि दोन्ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजेच आयसीएमआरच्या, आहेत. हे काम प्रामुख्याने करदात्यांच्या पैशावर चालते, त्यामुळे त्यातून काय निष्पन्न झाले हे जाणून घेण्याचा हक्क करदात्याला असलाच पाहिजे. तरीही पुष्कळ वाचक संशोधन निबंधाच्या सारांशापर्यंत पोहोचतात आणि पूर्ण निबंधासाठी पैसे मागितले की शोध सोडून देतात. तो सोडण्याचे कारण नाही.

सर्वप्रथम, औषधे, लसी यांसारख्या उपचारांच्या माणसांवर घेतलेल्या चाचण्यांची नोंदवही पाहावी. गूगलवर छापून आलेलेच सापडते; जी चाचणी झाली पण जिचा निष्कर्ष कधी छापलाच गेला नाही, तिचा माग नोंदवहीतच लागतो. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, अर्थात सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तेथे नोंद करणे सक्तीचे झाले. संकेतस्थळावर आजाराचे किंवा औषधाचे नाव घालून कोणालाही विनामूल्य शोध घेता येतो.

उदाहरणादाखल कोव्हॅक्सिन लसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीची नोंद, सीटीआरआय/२०२०/११/०२८९७६, उघडावी. या लसीसाठी वापरलेला विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केला गेला होता, आणि चाचणीचा खर्च भारत बायोटेक व आयसीएमआर यांनी मिळून केला. अशा नोंदीत तीन रकाने लक्षपूर्वक वाचावेत: पैसा कोणाचा, चाचणी कोणत्या केंद्रांवर, आणि प्राथमिक निष्पत्ती कोणती, म्हणजे नेमके काय मोजायचे ठरले होते. हा शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. चाचणीपूर्वी जे मोजायचे ठरले तेच निबंधात प्रामुख्याने मांडले आहे का, हे त्यावरून सामान्य वाचकालाही ताडून पाहता येते. या चाचणीचा निबंध नोव्हेंबर २०२१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्याच्या सारांशातच नोंदणी क्रमांक दिलेला आहे.

नोंदणी क्रमांक हाती आला की तो पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंध शोधण्याच्या विनामूल्य संकेतस्थळावर, घालावा आणि 'फ्री फुल टेक्स्ट', म्हणजे पूर्ण निबंध विनामूल्य, हा पर्याय निवडावा. अमेरिकी सरकारच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेच्या निधीतून झालेल्या संशोधनाचे निबंध २००८ पासून पबमेड सेंट्रलवर, म्हणजे पूर्ण निबंधांच्या खुल्या संग्रहात, सर्वांसाठी खुले करणे बंधनकारक आहे. निबंध खुला करण्यास बारा महिन्यांपर्यंत उशीर करण्याची सवलत १ जुलै २०२५ पासून संपली. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या दोन विभागांनी २०१४ मध्ये खुल्या प्रवेशाचे, म्हणजे निबंध सर्वांना विनामूल्य वाचायला मिळावेत असे, धोरण जाहीर केले. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून २०२५ पासून सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना हजारो नियतकालिके मिळू लागली आहेत, परंतु संस्थेबाहेरच्या नागरिकाला त्यात स्थान नाही, ही उणीव दूर व्हायलाच हवी.

निबंध तरीही बंद असेल तर त्यावर ज्या लेखकाचा ईमेल पत्रव्यवहारासाठी दिलेला असतो, त्याला निबंधाचे शीर्षक लिहून चार ओळींचे विनयशील पत्र पाठवावे. अनेक संशोधक आपली प्रत आनंदाने देतात.

निबंधच निघाला नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा आधार घ्यावा. आयसीएमआरच्या संस्थांसाठी केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. राज्य सरकारच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी मात्र राज्याकडेच अर्ज करावा लागतो. अर्जाचे कारण सांगण्याची गरज नाही. 'निष्कर्ष का दडवला' असे विचारू नये, कारण कायद्याने अभिलेख मिळतो, खुलासा नव्हे. त्याऐवजी असे लिहावे: 'अमुक क्रमांकाच्या प्रकल्पाचा अंतिम अहवाल, मंजूर व खर्च झालेला निधी आणि प्रकल्पातून प्रसिद्ध झालेल्या निबंधांची यादी यांच्या प्रती द्याव्यात.' सहभागी रुग्णांची वैयक्तिक माहिती मागू नये. ती मिळणार नाही आणि मिळूही नये. व्यापारी गोपनीयतेचे कारण देऊन संपूर्ण अहवाल नाकारला गेला, तर कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला द्यावा, अशी मागणी करावी. उत्तर तीस दिवसांत अपेक्षित असते. ते आले नाही किंवा अपुरे आले, तर त्यानंतरच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील दाखल करावे.