दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन: माझ्या तीन हिवाळ्यांचा हिशोब

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. दोन तासांच्या आत संपवायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद पडतात. हे गणित मला पहिल्या वर्षीच तोंडपाठ होतं. तरी पहिल्या वर्षी २ तास ११ मिनिटं लागली, दुसऱ्या वर्षी २ तास ३ मिनिटं ४० सेकंद. यंदा तिसऱ्या खेपेला १ तास ५९ मिनिटं १२ सेकंद.

मी बेचाळीस वर्षांची. नाशिकच्या सिडकोत उत्तमनगरला राहते आणि घरून डबे देते. पहाटे चारला उठून सकाळी आठपर्यंत पावणेदोनशे पोळ्या लाटायच्या असतात, त्यामुळे सकाळचं धावणं मला फक्त रविवारी जमतं. बाकी दिवस संध्याकाळी. ज्यांनी एक-दोन हाफ पूर्ण केल्यात, दिवसभर काम आहे, कोच नाही आणि आता घड्याळावरचा आकडा खाली आणायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी आपला आकडा आपल्याला झेपणारा आहे का ते बघा. आमच्या गल्लीत एक काका आहेत, प्रेसमधून रिटायर झालेले. सत्तरी ओलांडली तरी रोज पांडवलेणीपर्यंत जाऊन येतात. दोन तासांचं बोलले तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, आधी दहाचं घड्याळ दाखव, मग एकवीसचं बोलू." दहा किलोमीटर मनापासून जोर लावून धावायचं, जी वेळ येईल तिला २.२ ने गुणायचं. ५४ मिनिटं आली तर ११९ मिनिटं, म्हणजे दोन तासांना अगदी घासून. ५८ आली तर या हिवाळ्यात २ तास ८ मिनिटांचं ध्येय धरा. पहिल्या वर्षी माझं दहा किलोमीटरचं घड्याळ ५९ मिनिटांचं होतं आणि मी दोन तासांच्या मागे लागले होते. तिथेच चुकलं होतं.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. मी रोज एकाच वेगाने धावायचे, किलोमीटरला सहा-सव्वासहा मिनिटं. हळू म्हणावं इतका हळू नाही आणि जोरात म्हणावं इतका जोरातही नाही, असा मधलाच वेग. रोज दमायचे आणि वर्षभर तिथेच. काकांनी सांगितलं, चारपैकी दोन दिवस इतकं सावकाश धाव की डब्याची ऑर्डर फोनवर घेता आली पाहिजे. मी खरंच घेऊन पाहिली. "उद्या दोन डबे, एकात भात नको" एवढं लिहून घेताना धाप लागली तर वेग जास्त. माझा तो सावकाश वेग निघाला किलोमीटरला सात मिनिटं. सुरुवातीला फार अवघड गेलं, चालणारे लोक मागे टाकून जातील असं वाटायचं. पण अशा धावण्यात हृदय आणि पायातल्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जोराच्या धावण्यासाठी पाय ताजे राहतात. दोन महिन्यांत त्याच श्वासात माझे किलोमीटरमागे वीसेक सेकंद कमी झाले. दोन तासांची तयारी करणाऱ्याने सावकाश दिवशी किलोमीटरला पावणेसात ते सव्वासात मिनिटांपेक्षा जोरात धावू नये, हे मी आता कोणालाही ठासून सांगते.

माझा आठवडा असा असायचा. मंगळवारी संध्याकाळी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर जोराचे तुकडे: चार मिनिटं जोरात, दोन मिनिटं हळू, असं पाच वेळा. जोरात म्हणजे किलोमीटरला ५:१० च्या आसपास, शेवटचा तुकडा पहिल्याइतकाच निघेल एवढाच जोर. गुरुवारी टेम्पो: आधी पंधरा मिनिटं हळू, मग वीस मिनिटांपासून वाढवत पस्तीस मिनिटांपर्यंत ५:३० च्या वेगाने सलग, मग पुन्हा हळू. हाफची खरी तयारी या गुरुवारच्या धावण्यात होते. एक मंगळवार चुकला तर चालेल, गुरुवार चुकवू नका. शनिवारी पाच किलोमीटर सावकाश. रविवारी लाँग रन. सगळं मिळून आठवड्याला ३५ ते ४० किलोमीटर. बाकी दिवशी जिने, किंवा काकांबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या. पिंढऱ्यांना त्याचा फार फायदा झाला.

लाँग रनसाठी मी गंगापूर रोड धरते. नवरा पहाटे साडेपाचला अशोकस्तंभावर सोडतो. तिथून गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असं गंगापूर धरणाच्या दिशेने जायचं आणि मागे फिरायचं. जाताना आपण गोदावरीच्या उलट दिशेने चालतो, म्हणजे रस्ता नकळत चढत जातो. डोळ्यांना चढ दिसत नाही, पण त्याच श्वासात घड्याळ पाच-सात सेकंद जास्त दाखवतं. ते सेकंद तिथल्या तिथे वसूल करायला जाऊ नका. श्वास तोच ठेवा, येताना उतार ते परत देतो. चढावर श्वासाकडे बघायचं आणि सपाटीवर घड्याळाकडे, ही सवय मला या रस्त्यानेच लावली. बारा किलोमीटरपासून सुरू करून अठरापर्यंत न्या. शेवटच्या सहा आठवड्यांत एकाआड एक रविवारी त्यातले शेवटचे पाच किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावा. दमलेल्या पायांनी ५:३८ कसं लागतं, हे शरीराला आधी माहीत पाहिजे.

तयारीला चौदा आठवडे धरा आणि कॅलेंडर समोर ठेवून आखा. जानेवारीची शर्यत असेल तर दिवाळी, संक्रांत मधे येतात. दिवाळीच्या दोन आठवड्यांत माझ्याकडे फराळाच्या ऑर्डरी असतात, दिवसाला बारा-बारा तास कढईपुढे उभी असते. दुसऱ्या वर्षी त्यातही सगळं धावणं रेटलं आणि टाच धरली. यंदा ते दोन आठवडे मुद्दाम हलके ठेवले, तीनच दिवस आणि सावकाश. काही बिघडलं नाही. उभं राहून केलेलं कामही पायांच्या हिशोबात धरायला हवं, हे पुस्तकी वेळापत्रकात कुठे लिहिलेलं नसतं.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात जिना चढतानाही दम लागायला लागला. मला वाटलं सराव कमी पडतोय, म्हणून आणखी वाढवला. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.४. बाईला ते किमान १२ हवं. ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल तर वेग कुठून येणार? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणाबरोबरचा चहा बंद केला, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. तयारी सुरू करण्याआधी ही तपासणी करा आणि गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

खाण्याचं. शरीरात साठवलेली साखर जोराच्या धावण्यात साधारण दीड-दोन तास पुरते, म्हणजे नेमकी शेवटी शेवटी संपत येते. धावताना खायचं साखरेचं जेल मिळतं, पण ते मला पोटात सोसत नाही. आपल्याकडे बेदाणे काय कमी आहेत? चाळीस ग्रॅम बेदाण्यांतून तीसेक ग्रॅम कर्बोदकं मिळतात. रात्री थोड्या पाण्यात भिजवायचे, सकाळी निथळून चिमूटभर मीठ लावायचं, दोन छोट्या पिशव्या करायच्या. कोरडे बेदाणे धावताना चावले जात नाहीत आणि घशात अडकतात, भिजवलेले दोन चावात उतरतात. एक पिशवी आठव्या किलोमीटरला, दुसरी चौदाव्याला, पाण्याचा स्टॉल दिसायला लागला की तोंडात टाकायची. हे आधी लाँग रनला तीन-चारदा करून बघा. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नको; मोजेसुद्धा जुनेच.

आदल्या दिवशी मिसळ नको, शेंगदाणे नकोत, कोशिंबिरी नकोत. दुपारी वरणभात, रात्री लवकर मुगाची खिचडी. सकाळी शर्यतीच्या अडीच तास आधी एक गूळपोळी नाहीतर दोन केळी, आणि रोजचा चहा. आणि आदल्या दिवशी पायांना विश्रांती द्या. दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या गूळपोळ्यांच्या ऑर्डरी मी शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत पुऱ्या करत बसले होते, तीनशे पोळ्या. ते ३ मिनिटं ४० सेकंद मी ओट्यापाशीच घालवले असं मला आजही वाटतं. यंदा शेवटचे तीन दिवस जाऊबाईंना मदतीला बोलावलं. त्यांच्यामुळेच वेळ आली. शर्यतीआधीचे दोन आठवडे धावणं कमी करत आणायचं: पहिल्यात नेहमीच्या दोन तृतीयांश, शर्यतीच्या आठवड्यात तिसऱ्या हिश्शाएवढं. जोराचे तुकडे ठेवा, पण थोडेच.

आता शर्यत. आपल्या घड्याळावर २१.०९ कधीच येत नाही. कोर्स सगळ्यात जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि आपण वळणावर बाहेरून जातो, लोकांना वळसे घालतो. २१.३ धरा. म्हणून लक्ष्य ५:४१ धरू नका, ५:३८ धरा, आणि वळण दिसलं की आतल्या कडेला या.

आकडे डोक्यात ठेवू नका, मनगटावर ठेवा. माझी मुलगी दहावीला आहे. २०१० च्या ऑक्टोबरात सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरचं ब्राँझ घेतलं, तेव्हा ती माझ्या पोटात होती आणि मी सोफ्यावर पाय वर करून टीव्हीवर ते पाहिलं होतं. या मुलीनेच माझी मनगटावरची पट्टी केली. डब्यांवर लावायचं स्टिकर लेबल, त्याच्या पाठीवर काळ्या बॉलपेनने चार ओळी: ५ ला २८:३०, १० ला ५६:४५, १५ ला १:२४:४५, २० ला १:५२:४५. वरून पारदर्शक चिकटपट्टी, घामाने शाई पसरू नये म्हणून. मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे हात न वळवता दिसते. आकडे नीट बघा: पहिले पाच किलोमीटर सगळ्यात सावकाश आहेत आणि शेवटचे वेगात.

जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते, हात बधिर होतात. जुना स्वेटर घालून उभे राहा, सुटताना कोणाकडे तरी द्या. दहा मिनिटं हळू जॉगिंग आणि वीस-वीस सेकंदांचे चार जोराचे तुकडे एवढा वॉर्मअप पुरे. बंदूक वाजल्यापासूनची वेळ मनावर घेऊ नका. वेळ मोजणारी चिप असेल तर तुमची वेळ तुम्ही सुरुवातीची मॅट ओलांडल्यावर सुरू होते, त्यामुळे पुढे घुसण्याची गरज नाही.

पहिल्या वर्षी मी पहिले तीन किलोमीटर ५:१५ ने गेले. अंगात बळ होतं, ढोल वाजत होता, लोक नाव घेऊन ओरडत होते. सोळाव्या किलोमीटरला मांड्या दगड झाल्या आणि शेवटचे पाच चालत-धावत काढले. सुरुवातीला वाचवलेल्या प्रत्येक मिनिटामागे शेवटी तीन गेली. यंदा पहिले पाच किलोमीटर मी फक्त पट्टीकडे बघत होते. शेकडो लोक पुढे गेले, दोन तासांचा झेंडा घेतलेला पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या वेगाने लोकांना नेणारा धावपटू, तोही शंभर मीटर पुढे गेला. पाचला २८:४१. अकरा सेकंद मागे, आणि श्वास शांत. पोटात कालवाकालव झाली, पण वेग बदलला नाही. दहाला ५६:५०. तिथून लोक मागे पडायला लागले.

पंधराला १:२४:४०, पाच सेकंद पुढे. सतराव्याला दुखायला लागलं. डाव्या मांडीत आधी, मग दोन्ही पिंढऱ्या. इथे वेग वाढवायचा विचार करू नका, फक्त पडू देऊ नका. पावलं छोटी आणि पटापट, खांदे खाली, मुठी सैल. मी पोळ्या लाटताना शंभरच्या पुढे एकेक मोजत नाही, दहाची चवड झाली की एक धरते. तसंच केलं. चार किलोमीटर राहिलेत असं नाही, विजेच्या दहा खांबांची एक चवड. दहावा खांब आला की पुन्हा एक. किती चवडी झाल्या ते आठवत नाही, पण विसाव्याचा बोर्ड आला तेव्हा घड्याळात १:५३:०० होते. पट्टीपेक्षा पंधरा सेकंद मागे, तरी दोन तासांना सात मिनिटं बाकी आणि अकराशे मीटरही नाहीत. पेसरचा झेंडा तीस पावलांवर होता. त्याच्याकडे बघत गेले. काका शेवटच्या वळणावर आतल्या कडेला उभे होते, "आतून ये, आतून!" ओरडत.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, स्वेटर घाला, मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्या आणि तासाभरात पोटभर जेवा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागेल, त्यात काळजीचं काही नाही. एक आठवडा नुसतं चालणं, दुसऱ्या आठवड्यात सावकाश पाच-सहा किलोमीटर, जोराचे तुकडे तिसऱ्या आठवड्यानंतरच. एखाद्या जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, तर त्यानंतरही थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.