मार्चआधी ई-बुकं घेताय? मग आधी एवढी तयारी करा

गोव्यातल्या कॉलेज लायब्ररीवाल्यांसाठी लिहितोय, कारण फेब्रुवारी लागला की ग्रँट खर्च करायची घाई सुरू होते आणि त्या घाईत ई-बुकांचं पॅकेज न वाचताच सही होऊन जातं. आम्हीही एका वर्षी वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेतलं, रिन्यूअलची फाईल अडकली, आणि एप्रिलात मुलं परीक्षेच्या तयारीला लिंक उघडायला गेली तर एकही पुस्तक उघडेना. पैसे भरलेले आणि हातात एक पान नाही. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच, हे भाड्याचं की आपलं?

कोटेशन मागवायच्या आधी प्रत्येक डिपार्टमेंटकडून टायटलांची यादी घ्या आणि ती एन-लिस्टशी (कॉलेजांना ई-बुकं पुरवणारी इन्फ्लिबनेटची सरकारी योजना) ताडून बघा, तिथे असलेलं परत विकत घेऊ नका. केंद्र सरकारचं वन नेशन वन सबस्क्रिप्शन 2025 पासून सुरू झालंय, त्यामुळे प्रिन्सिपल विचारतीलच की आता वेगळे पैसे कशाला, तर ती योजना जर्नलांची आहे हे आधीच नोटमध्ये लिहून ठेवा. बरीच टेक्स्टबुकं तर लायब्ररीला ई-बुक म्हणून विकतच नाहीत, ती छापीलच घ्यावी लागतात.

आता खरं काम ॲग्रीमेंटचं. 'पर्पेच्युअल ॲक्सेस', म्हणजे कायमचा वापर, असं लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, कारण पुस्तक आपलं झालं तरी फाईल बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच सर्व्हरवर असते. म्हणून लेखी विचारा की प्लॅटफॉर्म, म्हणजे पुस्तकं जिथे उघडतात ती वेबसाईट, बंद पडला किंवा प्रकाशकाने टायटल तिथून काढलं तर आम्ही वाचायचं कुठे, पोर्टिको किंवा क्लॉक्ससारख्या, डिजिटल प्रती जपून ठेवणाऱ्या अर्काइव्हमध्ये प्रत ठेवलीय का, फाईल डीआरएमशिवाय (कॉपी-डाउनलोड अडवणाऱ्या डिजिटल कुलपाशिवाय) आम्हाला मिळेल का, आणि दरवर्षी प्लॅटफॉर्म फी द्यावी लागेल का, ती थांबवली तर काय होईल. ही भीती उगाच नाही. 2022 मध्ये वायली या प्रकाशकाने प्रोक्वेस्ट या ई-बुक पुरवणाऱ्या कंपनीच्या सबस्क्रिप्शन कलेक्शनमधून 1,300 हून जास्त टायटलं काढून घेतली, तीही परदेशात सेमिस्टर सुरू व्हायच्या तोंडावर, आणि 2025 च्या फेब्रुवारीत प्रोक्वेस्टची मालक असलेल्या क्लॅरिव्हेटने एकेक ई-बुक कायमचं विकणं बंद करणार असं जाहीर केलं, मग लायब्ररीवाले ओरडले तेव्हा मुदत वाढवली.

एका वेळी किती जण वाचू शकतात तेही बघा. सिंगल युजर लायसन्स म्हणजे एकाने उघडलं की वर्गातले बाकीचे साठ जण थांबले, त्यामुळे सिलॅबसच्या पुस्तकांना अनलिमिटेड घ्या, रेफरन्सला एक-तीन युजर पुरतात. काय लागेल याचा अंदाजच नसेल तर एव्हिडन्स-बेस्ड म्हणून एक पद्धत आहे, आगाऊ रक्कम भरून वर्षभर पूर्ण कलेक्शन उघडं ठेवतात आणि शेवटी वापर बघून तेवढ्या रकमेची पुस्तकं कायमची ठेवून घेतात. कमी बजेटच्या कॉलेजला ती आगाऊ रक्कमच जड जाते, पण विचारून बघायला हरकत नाही.

ॲक्सेस फक्त कॅम्पसच्या आयपीवर, म्हणजे कॉलेजच्याच इंटरनेटवर, असेल तर काणकोण किंवा सत्तरी तालुक्यात घरी गेलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही, म्हणून इन्फेड (इन्फ्लिबनेटचं घरून वापरायचं लॉगिन) किंवा दुसरं रिमोट लॉगिन चालतं का ते ट्रायल चालू असतानाच मुलांच्या मोबाईलवर करून बघा. कोहात (लायब्ररीच्या कॅटलॉगचं सॉफ्टवेअर) टाकायला मार्क रेकॉर्ड, म्हणजे पुस्तकांच्या तयार नोंदी, आणि वापराच्या आकड्यांचे काउंटर रिपोर्ट फुकट मिळायला हवेत. अकाउंट्सवाल्यांना सांगून ठेवा की छापील पुस्तकावर जीएसटी नाही पण ई-बुकावर आहे, नाहीतर बिल परत येतं.

सही झाल्यावर ॲग्रीमेंट, टायटलांची यादी आणि इन्व्हॉइस एकाच फाईलीत लावा, एक कॉपी ऑफिसला द्या, आणि ॲक्सेशन रजिस्टरमध्ये (पुस्तकांच्या नोंदवहीत) प्रत्येक टायटलपुढे 'कायमचं' की 'अमुक तारखेपर्यंत' ते लिहा, म्हणजे आपली बदली झाली तरी खुर्चीवर नवीन येईल त्याला कळेल कुठलं पुस्तक मागायचा हक्क आहे.